ओकीचोबीचा पूर

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नदी येते आणि तिच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस येतो. परंतु वाराही पूर आणतो. परातीत बोटभर पाणी घ्यावे आणि एका बाजूने जोराची फुंकर घालावी. समोरच्या काठाशी पाणी चढलेले दिसेल. पाणी खोल असेल तर ते तळाच्या अंगाने माघारी फिरते. उथळ पाण्याला ती वाट पुरत नाही आणि चढ वाढतच जातो. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातले ओकीचोबी सरोवर ही अशीच एक अवाढव्य परात आहे. विस्तार सुमारे १९०० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली अवघी नऊ फूट!

या सरोवराच्या दक्षिणेची दलदल विसाव्या शतकाच्या आरंभी कालवे खणून उपसण्यात आली. खालून कुजलेल्या वनस्पतींची काळीभोर, कसदार माती निघाली. भाजीपाल्याचे मळे उभे राहिले आणि बेल ग्लेड, पहोकी, साउथ बे अशी लहान गावे पाण्याकाठी वसली. हंगामाला हजारो शेतमजूर येत. त्यांत बहुसंख्य काळे. कित्येक तर बहामा बेटांवरून आलेले. वस्ती आणि सरोवर यांच्यामध्ये त्याच हलक्या मातीचा, जेमतेम पुरुष-दीड पुरुष उंचीचा बांध होता.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. सप्टेंबर १९२६ मध्ये वादळाने हेच पाणी मूर हेवन गावात घुसवले होते आणि अनेकांचे बळी घेतले होते. तरीही दक्षिण काठचा बांध मातीचाच राहिला.

१६ सप्टेंबर १९२८ हा रविवार होता. पोर्तो रिकोला झोडपून वादळ येत आहे, अशी वार्ता दिवसा पोचली. लोक सुरक्षित जागी गेले. अपेक्षित वेळी वादळ आले नाही, तेव्हा पुष्कळ जण घरी परतले. रात्री उत्तरेच्या वाऱ्याने सारे सरोवर दक्षिणेकडे लोटले आणि बांध फुटला. घरे पायावरून उचलली जाऊन वाहत गेली. वादळाचा मध्य पुढे सरकताच वारा उलटला आणि पाणी उत्तर काठावर चढले.

येथवर निसर्गाची करणी झाली. पुढची माणसाची आहे. वेस्ट पाम बीच शहरात ६९ गोऱ्यांची प्रेते पेट्यांत घालून दफनभूमीत नेण्यात आली. ६७४ काळ्यांची प्रेते गोरगरिबांच्या दफनभूमीतील एका खड्ड्यात पुरण्यात आली. प्रेते उचलण्याच्या कामाला काळ्या माणसांनाच जबरीने जुंपण्यात आले. त्या खड्ड्यावर कित्येक दशके साधी खूणही नव्हती. १९५७ मध्ये शहराने ती जमीन विकूनही टाकली. ती परत घेतली गेली २००० साली!

पुढे १९३० च्या कायद्याने मोठ्या बंधाऱ्याला मंजुरी मिळाली. हूव्हर यांचे नाव दिलेला तो बंधारा आज सुमारे तीस फूट उंच असून सरोवराभोवती सुमारे २३० किलोमीटर पसरला आहे. म्हणजे बांध बांधता येत होता. फक्त तो प्रलयानंतर बांधला गेला.

मृतांचा अधिकृत आकडा बरीच वर्षे १८३६ असा छापला जाई. २००३ मध्ये तो बदलून ‘किमान २५००’ असा करण्यात आला. त्यांत सुमारे तीन-चतुर्थांश काळे शेतमजूर होते, असे मानले जाते. कामगारांत वावरताना आम्हांस एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा अपघातही कोठे नोंदला जात नाही. पंचाहत्तर वर्षांनंतरही इतिहासाला तेथे नेमका आकडा लिहिता आला नाही. ‘किमान’ लिहावे लागले. ज्यांची नावे मालकाने लिहून ठेवली नाहीत, ती सारी माणसे त्या एका शब्दात आहेत.