दुष्काळानंतरचा वाडा

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखणी प्रथम होळकरांच्या दौलतीकडे धावते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या मेंढपाळ कुळांनी दौलत मिळविली नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाशी जो सामना दिला, त्याचे बखरकारांना सोयरसुतक नव्हते.

माण, खटाव, आटपाडी हा पर्जन्यछायेतील मुलूख. येथे पाऊस हुलकावणी देणार हे गृहीत धरूनच धनगराने आपला संसार रचला. दिवाळीनंतर वाडे घाट उतरून कोकणात जात. भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवावयाच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यावयाचे, आणि मृगापूर्वी परत घाटमाथा गाठावयाचा. कारण कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात. ह्या फिरण्यास भटकंती म्हणून हिणविणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, घराजवळचे पीक बुडाले तरी दूरच्या गावातील धान्य ह्याच वाटेने मिळत असे.

संकट ओळखून कळप हलका करणे हीदेखील एक विद्याच होती. नर व म्हाताऱ्या मेंढ्या वेळीच विकावयाच्या, तरुण माद्या मात्र हातच्या जाऊ द्यावयाच्या नाहीत. मेंढी पाच महिन्यांत विते. तिची मादी कोकरे दीड-दोन वर्षांत स्वतः वितात. त्यामुळे वीस माद्या वाचल्या तरी काही वर्षांत कळप उभा राही. गायीगुरांवर जगणाऱ्यास ही घाई साधत नाही. ज्याचे काहीच उरले नाही तो दुसऱ्याची जनावरे अर्धलीने सांभाळी, अथवा सोयऱ्यांचे घर गाठी. सुभेदार मल्हारराव (1693–1766) बालपणी पितृछत्र हरपल्यावर मातेसह होळ सोडून खानदेशात तळोद्यास मामा भोजराज बारगळ ह्यांच्या आश्रयास गेले, तेथे मेंढरे राखली. थोर पुरुषाच्या चरित्रातील प्रसंग म्हणून आपण तो वाचतो. परंतु पडत्या काळात मामाचे घर हाच आपल्या कुळांचा विमा होता.

1876–78 च्या महादुष्काळाने दख्खनमध्ये हाहाकार केला. त्यातून सावरावे, तोच 1878 चा वनकायदा आला. राखीव जंगले वाढत गेली, चराईवर बंधने आली. माझ्या मते पहिल्यापेक्षा हा दुसरा घाव अधिक खोल होता. पाऊस पुढल्या वर्षी येतो. मिटलेले कुरण तसे उघडत नाही. 1972 च्या दुष्काळापर्यंत तर पडीक रानेही नांगराखाली जाऊ लागली होती.

आता संकटाचे रूपही पालटले आहे. डिसेंबर 2021 च्या आरंभी अवकाळी पाऊस व गारठा ह्यांनी पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्या रानात वाघुरीत बसलेली शेकडो मेंढरे एकाएकी दगावली. आगाऊ विक्रीस अवसरच नव्हता. भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा हवा, पशुवैद्याचा दाखला हवा, आणि तोही जनावर पडले त्याच ठिकाणी. परक्या गावाच्या शिवारात ओल्या घोंगड्या पिळीत बसलेल्या कुटुंबाने पंचनाम्यासाठी तेथे थांबावे, की वाचलेली उपाशी मेंढरे घेऊन चाऱ्यासाठी पुढे निघावे?