गणकयंत्राची स्मृती : कडीपासून पट्टीपर्यंत

वाचकहो, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काय आणि वाडीवरच्या शाळेत काय, गणकयंत्र म्हणजे कॉम्प्युटर आता नवलाचा राहिलेला नाही. पण तो रेंगाळू लागला, की आपण म्हणतो, “जुना झाला, द्या भंगारात!” जरा थांबा. पुष्कळदा यंत्र म्हातारे झालेले नसते. त्याला स्मृती अपुरी पडत असते.

ही स्मृती म्हणजे काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले गणकयंत्र 1960 साली चालू झाले. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. मण्यांसारख्या तारांत ओवलेल्या. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर ‘एक’, उलट दिशेने झाली तर ‘शून्य’. शब्द 2,048 आणि दर शब्दाला 40 खुणा. करा हिशेब: 81,920 कड्या! वीज गेली तरी कडी आपली खूण विसरत नसे.

1966 साली अमेरिकेत रॉबर्ट डेनार्ड यांनी निराळी युक्ती काढली. कडीऐवजी सूक्ष्म विद्युत्धारक. त्यात भार असला तर ‘एक’, नसला तर ‘शून्य’. जागा थोडी, खर्च कमी. मात्र ही कळशी गळकी, बरं का! सेकंदाला पंधरा-सोळा वेळा ती पुन्हा भरावी लागते. म्हणून तर पावसाळ्यात वीज गेली, की न साठवलेला मजकूर पुसला जातो.

1970 साली इंटेलची 1,024 खुणांची चिप बाजारात आली. पुढे अशा चिपा पट्टीवर बसवू लागले. आधी ‘सिम’ पट्टी, मग दोन्ही अंगांना स्वतंत्र टोके असलेली ‘डिम’. लॅपटॉपसाठी आखूड ‘सो-डिम’. डीडीआरच्याही पिढ्या झाल्या: चौथी 2014 ची, पाचवी 2020 ची. आज एक जीबीच्या पट्टीत टिफ्रॅकच्या लाखपट खुणा मावतात.

गुरुजी, आता कामाची गोष्ट. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते आणि विजेचा दाबही वेगळा असतो. एका पिढीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही. बळजबरी केली तर दोन्ही जायची. तेव्हा यंत्र बंद करा, वीजजोड काढा, जुनी पट्टी हलकेच सोडवा, तिच्यावरची अक्षरे वाचा आणि तीच नमुना म्हणून दुकानात न्या. एवढे केलेत, तर मुलांचे यंत्र आणखी काही वर्षे शाळेत राहील.