सिंगापूरचे पाणी आणि सांडपाणी

नगरांचे इतिहास बहुधा राजवाडे, बाजारपेठा आणि लढाया यांच्या अनुरोधाने लिहिले जातात. नगरात पाणी कोठून आले आणि वापरून झाल्यावर ते कोठे गेले, हा प्रश्न इतिहासकार नगरपालिकेच्या अभियंत्यावर सोपवून मोकळा होतो. तथापि काही नगरांच्या राजकीय भवितव्याचा निकाल याच प्रश्नाने लावला आहे. सिंगापूर हे त्यांपैकी एक होय. तेथे पावसाची वाण नाही; वर्षाकाठी सुमारे २४०० मिलिमीटर पाऊस त्या बेटावर पडतो. वाण आहे ती तो साठविण्यास लागणाऱ्या जमिनीची. १९६५ साली सिंगापूर स्वतंत्र झाले तेव्हा त्याचे क्षेत्रफळ ५८० चौरस किलोमीटरांच्या आसपास होते; समुद्र बुजवून बुजवून ते आज ७३० च्या वर गेले आहे. घरे, गोद्या, कारखाने, विमानतळ, छावण्या आणि तलाव ही सारी एकाच तुकड्यावर हक्क सांगतात. अशा ठिकाणी पाण्याचा प्रश्न कसा हाताळला गेला, हे आम्ही येथे पाहणार आहोत. आमचे म्हणणे एवढेच, की जोवर पाणी आणि मैला यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत मांडले जात होते, तोवर त्याला वाट सापडली नाही.

१८१९ साली इंग्रजांनी तेथे वखार घातली, तेव्हा विहिरी आणि ओढे यांवर वस्तीचे भागत असे. बंदराची भरभराट झाली तसे हे पाणी अपुरे पडू लागले. १८५७ साली टान किम सेंग या धनिक व्यापाऱ्याने नळाच्या योजनेसाठी १३,००० डॉलरांची देणगी दिली. परंतु काम रेंगाळले. देणगीदार १८६४ साली निवर्तला. बेटाच्या मध्यभागातील जंगलात पहिला तलाव १८६८ साली बांधून झाला, आणि पंप व नळ यांची जोड मिळून शहरात पाणी खेळू लागण्यास त्यानंतरही सुमारे दहा वर्षे लागली. टान किम सेंगच्या स्मरणार्थ १८८२ साली एक कारंजे उभारण्यात आले. या पहिल्या तलावाला पुढे मॅक्रिची या नगर अभियंत्याचे नाव मिळाले. १९१० साली कालांग नदीवर दुसरा आणि १९२० साली सेलेटर येथे तिसरा तलाव झाला. तिन्ही तलाव एकाच जंगलपट्ट्यात होते, आणि पाणलोट निर्मळ राहावा म्हणून ते जंगल राखले गेले. बेटावर एवढीच जागा पाण्यासाठी मोकळी होती.

मैल्याची व्यवस्था मात्र याहून अगदी वेगळी होती. घराघरांतून बादलीचे संडास असत; खांद्यावरील कावडीला बादल्या अडकवून माणसे मैला वाहून नेत. तो विकतही घेतला जाई, कारण चिनी भाजीवाल्यांच्या मळ्यांना त्याचे खत लागे. जमिनीतून निघालेले जमिनीला परत देण्याची ही जुनी रीत होती. परंतु दाट वस्तीत तीच रोगराईची वाहक ठरे. पूर्वी कलकत्त्याचे आरोग्याधिकारी असलेले डॉ. सिम्प्सन यांनी सिंगापूरची पाहणी करून १९०७ साली दिलेल्या अहवालात कोंदट चाळी आणि घाणीचा निचरा यांचे जे वर्णन आहे, ते वाचताना आमच्याकडील प्लेगच्या काळातील शहरांची आठवण होते. त्यानंतरच्या दशकात भुयारी गटारांचे काम सुरू झाले खरे. पण त्यांचा विस्तार नळाच्या मानाने फार मागे राहिला.

बेटावरील तलाव अपुरे पडताच दृष्टी सामुद्रधुनीपलीकडे वळली. १९२७ साली सिंगापूरच्या नगरपालिकेने जोहोरच्या सुलतानाशी करार करून गुनुंग पुलाई येथील जमीन पाण्यासाठी घेतली, आणि १९३२ साली तेथील पाणी बेटावर आले. नळ आला तो मुख्य भूमीला जोडणाऱ्या सेतूवरून. या व्यवस्थेतील धोका दहा वर्षांनी उघडा पडला. ३१ जानेवारी १९४२ रोजी माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्याने जपान्यांना अडविण्यासाठी सेतू सुरुंगाने उडविला, आणि त्याबरोबर स्वतःचाच नळ तोडला. पुढे बेटावरील तलाव शत्रूच्या हाती गेले, बाँबवर्षावाने शहरातील नळ जागोजाग फुटले. १५ फेब्रुवारीला जनरल पर्सिव्हल यांनी शरणागती पत्करली, तिच्या कारणांत पाण्याची टंचाई हे एक ठळक कारण होते. समुद्राकडे तोंड केलेल्या तोफांची कथा सर्वांना ठाऊक असते. नळाची कथा सहसा सांगितली जात नाही.

युद्धानंतर हे परावलंबन वाढलेच. १९६१ आणि १९६२ साली जोहोरशी नवे करार झाले. दुसऱ्या करारान्वये सिंगापूरला जोहोर नदीतून दररोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येते. त्याची मुदत २०६१ पर्यंत आहे. दर हजार गॅलनांस तीन सेन एवढाच ठरला. हा दर कालबाह्य झाल्याची तक्रार मलेशियातून वारंवार होत आली आहे, आणि नदी ज्यांच्या दारावरून वाहते त्यांना असे वाटले तर त्यात नवल नाही. उलट पाणी शुद्ध करण्याचा आणि धरण-नळांचा खर्च आपण सोसतो, शुद्ध पाण्याचा काही भाग जोहोरला स्वस्तात परत देतो, असे सिंगापूरचे उत्तर असते. १९६३ साली अवर्षण पडले, तेव्हा एप्रिलपासून पुढील फेब्रुवारीपर्यंत शहराने मोजूनमापून पाणी घेतले. १९६५ साली मलेशियापासून फारकत झाली त्या वेळी हे करार पाळण्याची हमी फारकतीच्या दस्तऐवजातच घालण्यात आली. नव्या राष्ट्राच्या जन्मपत्रिकेत पाण्याचा ग्रह असा पहिल्या घरात बसला.

येथून पुढे सिंगापूरच्या राज्यकर्त्यांच्या ध्यानात एक गोष्ट हळूहळू येत गेली. पाणलोटासाठी नवी जमीन मिळणार नसेल, तर ज्या जमिनीवर लोक राहतात तीच पाणलोट बनविली पाहिजे. आणि ते करावयाचे तर त्या जमिनीवरील घाणीचा थेंबही ओढ्यात जाता कामा नये. १९७७ साली एका तलावाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर व कालांग या नद्या दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे आवाहन केले. १९८७ पर्यंत ते काम पुरे झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत बादलीचा शेवटचा संडासही बंद पडला.

या यशाची किंमत कोणी दिली, हे नोंदविल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. नदीकाठची सुमारे २६,००० कुटुंबे हलविण्यात आली. डुकरांचे व बदकांचे शेकडो गोठे उठले. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणारे सुमारे ५००० फेरीवाले बांधीव बाजारांत गेले. पिढ्यानुपिढ्या नदीत मालाची ने-आण करणाऱ्या होड्या तेथून हद्दपार झाल्या. पुष्कळांना पक्के घर आणि नळ मिळाला, हे खरे; आणि पुष्कळांचा धंदा व शेजार कायमचा गेला, हेही खरे.

वापरलेले पाणी पुन्हा शुद्ध करण्याचा पहिला प्रयोग १९७४ साली झाला होता. तो खर्चिक ठरून वर्षभरात गुंडाळावा लागला. पुढे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पाणी दाबाने गाळण्याची कला सुधारली, स्वस्तही झाली. २००० साली बेडोक येथे नमुन्याचा कारखाना निघाला. २००१ साली पाणीपुरवठ्याच्या मंडळाकडेच भुयारी गटारांचे खातेही सोपविण्यात आले, आणि दोन वह्यांची एक वही झाली. पडद्यांतून गाळून जंबुपार किरणांनी निर्जंतुक केलेले हे पाणी २००२ च्या राष्ट्रीय दिनी पंतप्रधान गो चोक तोंग यांच्यासह जमलेल्या हजारो लोकांनी प्राशन केले. २००३ साली त्याचा पुरवठा रीतसर सुरू झाला. त्याचा बराच भाग कारखान्यांना जातो, काही भाग तलावांत मिसळतो.

लोकांच्या मनातील किळस घालविण्यासाठी सरकारने शब्दही बदलला: टाकाऊ पाण्याऐवजी 'वापरलेले पाणी' असे म्हटले जाऊ लागले. भाषेच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. आपल्या 'सांडपाणी' या शब्दात जे सांडले ते गेले, असा निवाडा आधीच होऊन चुकला आहे. शब्द निर्दोष नसतात. नगरांच्या सवयी त्यांत मुरलेल्या असतात.

एक वही झाल्यावर जमिनीचा हिशेबही बदलला. २००८ साली पुऱ्या झालेल्या ४८ किलोमीटर लांबीच्या खोल बोगद्याने बेटाच्या उत्तर व पूर्व भागांतील मैलापाणी उताराने चांगी येथील केंद्राकडे नेले. वाटेतील पंपांची गरज संपली, जुनी केंद्रे मोडून त्यांची जागा मोकळी झाली. चांगीच्या केंद्राच्या टाक्या एकावर एक रचलेल्या आहेत, आणि त्याच्या छपरावरच पाण्याच्या पुनःशुद्धीचा कारखाना आहे. बेटाच्या पश्चिमेकडील दुसरा टप्पा पुरा झाल्यावर या कामी अडकलेली जमीन निम्म्यावर यावी, असा अंदाज आहे. २००८ सालीच मरीना खाडीच्या मुखाशी बंधारा होऊन भर शहरात गोड्या पाण्याचा तलाव झाला. बेटाच्या एकषष्ठांश भागाचे पाणी त्यात येते. नद्या आधी धुतल्या नसत्या, तर हा तलाव गटाराचे डबके ठरला असता. आज बेटावर सतरा तलाव असून दोनतृतीयांश भूमी पाणलोटात मोडते.

प्रश्न मिटला असे मात्र नव्हे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा पहिला मोठा कारखाना २००५ साली निघाला. पण त्यास वापरलेले पाणी शुद्ध करण्याच्या कित्येक पट वीज लागते, आणि ती बहुतांशी आयात वायूवर चालते. म्हणजे पाण्याचे परावलंबन इंधनाच्या परावलंबनात काही अंशी रूपांतरित झाले. २०६१ हे साल समोर उभे आहेच.

यातून आमच्याकडील नगरांनी काय घ्यावे? संपत्ती आणि सत्तेचे केंद्रीकरण ही सिंगापूरची साधने सर्वांपाशी नाहीत. परंतु १९०८ च्या महापुरानंतर मुसी नदीवर उस्मानसागर बांधून त्याचे पाणी पिणारे हैदराबाद शहर त्याच नदीत खाली आपला मैला सोडते, आणि हे एका नगराचेच वैगुण्य नाही. वरच्या अंगाला धरणासाठी गावे उठतात, खालच्या अंगाला शेतकरी आमच्या मोरीचे पाणी शेतात घेतात. या दोघांच्या जमिनीचा हिशेब आम्ही कोठेही मांडत नाही. सिंगापूरला दुसऱ्याची जमीन वापरण्याची वाट बंद झाली, म्हणून तो मांडावा लागला. आम्हांपुढे ती वाट अजून उघडी आहे, आणि म्हणूनच आमची वही कोरी राहिली आहे.