न छापलेला शोध : पाउलींचे विवर्जन तत्त्व आणि राल्फ क्रोनिग #थ्रेड

जानेवारी १९२५. अमेरिकेहून आलेला राल्फ क्रोनिग हा वीस वर्षांचा तरुण जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे पोहोचला. तेथे आल्फ्रेड लांडे यांनी त्याच्या हाती व्होल्फगांग पाउली यांचे एक पत्र ठेवले.

अणूतील सगळे इलेक्ट्रॉन सर्वांत कमी ऊर्जेच्या कक्षेत का कोसळत नाहीत, हा प्रश्न तेव्हा भल्याभल्यांना छळत होता. एडमंड स्टोनर यांनी १९२४ मध्ये कवचांतील इलेक्ट्रॉनांची नवी विभागणी मांडली होती. तोच धागा पकडून पाउलींनी नियम सांगितला : इलेक्ट्रॉनाची अवस्था चार अंकांनी ठरते आणि एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत. कवचांत २, ८, १८, ३२ इलेक्ट्रॉनच का मावतात, याचा उलगडा त्यातून झाला.

पण चौथा अंक कशाचा? त्याला किमती दोनच, आणि त्याचे कोणतेही चित्र पाउलींना मान्य नव्हते. क्रोनिगला मात्र त्याच दिवशी सुचले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरत असावा. दुसऱ्या दिवशी खुद्द पाउली ट्यूबिंगेनला आले. कल्पना चतुर असली तरी निसर्गाशी तिचा संबंध नाही, असा त्यांचा अभिप्राय पडला. गणितात दुपटीचा फरकही येत होता. क्रोनिगने काहीच छापले नाही.

ऑक्टोबरमध्ये लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी तीच कल्पना लिहून काढली. अशा इलेक्ट्रॉनाचा पृष्ठभाग प्रकाशाहून वेगाने फिरेल, हे लोरेंट्झ यांनी दाखवताच उलेनबेक घाबरले. परंतु त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी लेख आधीच धाडून दिला होता! १९२६ मध्ये लेवेलिन थॉमस यांनी दुपटीचा फरक सापेक्षतेच्या आधारे सोडवला आणि पाउली नमले. (त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. परिवलन, म्हणजेच स्पिन, भोवऱ्यासारखे फिरणे नव्हेच.)

त्याच वर्षी हायझेनबर्ग आणि डिरॅक यांनी नियमाच्या तळाशी असलेली सममिती दाखवली. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की त्यांच्या तरंग फलनाचे चिन्ह उलटते. दोघांची अवस्था एकच असेल, तर अदलाबदलीने काहीच बदलत नाही. तरीही चिन्ह उलटले पाहिजे. स्वतःच्या ऋणाइतकी असणारी संख्या केवळ शून्य. म्हणून तशी अवस्था संभवतच नाही.

पाउलींना १९४५ चे नोबेल मिळाले. उलेनबेक आणि गाउडस्मिट यांना ते कधीच मिळाले नाही. क्रोनिग १९२८ मध्ये झुरिकला साहाय्यक म्हणून रुजू झाला, तो पाउलींच्याच हाताखाली.