बाराशेच्या आतली पोरं

आमच्या पिढीच्या खेड्यातल्या माणसाला विचारा, "कॉलेज कसं केलंस?" बरेच जण एकच उत्तर देतील, "ई.बी.सी.वर." या तीन अक्षरांचा अर्थ आम्हाला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते एवढंच, की बापाचं वर्षाचं उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलं की फी माफ. १९५९ साली, यशवंतराव चव्हाण मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना ही सवलत आली. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. आता जात न बघता, घरात पैसा नाही एवढ्यावर फी माफ व्हायला लागली.

त्याआधी गरिबाच्या पोराची फी कोण भरायचं? राजा, नाहीतर एखादा दाता. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी करायला घेतली. आमच्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंच्या अंगावरचं सोनं गेलं. 'कमवा आणि शिका' म्हणत पोरांनी खोरं-पाटी हातात घेतली आणि पुस्तकंही घेतली.

ही माणसं डोंगराएवढी. पण असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या नशिबी नसतो. सरकारी नियम मात्र सगळ्या तालुक्यांना सारखा लागू होतो. कुणाच्या वाड्यावर हात जोडून उभं राहावं लागत नव्हतं, फॉर्म भरला की झालं, हे ई.बी.सी.चं खरं मोल.

मी १९६८ साली अकरावी, म्हणजे त्या वेळची एस.एस.सी., पास झालो. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. अडीच एकर कोरडवाहू रान आणि उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आण्णा चावडीत गेले. तलाठ्यानं विचारलं, "वर्षाला किती मिळतं?" आण्णा म्हणाले, "किती मिळतं ते तुमीच सांगा. सारा तुमीच वसूल करता न्हवं?" चावडीतली माणसं हसली. दाखल्यावर आठशेचा आकडा पडला.

आईला ते आवडलं नव्हतं. "आपुन गरीब हाय, ह्ये सरकारकडनं लिवून घ्यायचं व्हय?" आण्णा म्हणाले, "आपल्या बापजाद्यांनी सारा भरलाय. त्यातलं थोडं माघारी आलं म्हणायचं. भीक न्हाय ती."

आण्णा शाळेची पायरी चढले नव्हते. पण असाच हिशेब महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मांडला होता. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडं वळतो, ही त्यांची तक्रार होती. फी माफीला विरोध करणारे आज हाच मुद्दा पुढं करतात. ज्याचं पोरगं सातवीतच शाळा सोडतं, त्याच्या कराच्या पैशातून दुसऱ्याचं कॉलेज का करायचं? मुद्दा खोटा नाही. पण म्हणून कॉलेजचं दार बंद केलं तर त्या सातवीतल्या पोराला काय मिळणार? सरसकट सगळ्यांची फी भरू नये, हे मलाही पटतं. उत्पन्नाची अट लावून भरली, तर रयतेचा पैसा रयतेच्याच घरी येतो.

दुसरा आक्षेप पारावर नेहमी ऐकू येतो, "फुकटाची किंमत नसते." तसं म्हणणाऱ्यांनी आमचं फुकट बघायला हवं होतं. फी माफ होती, बाकी काहीच माफ नव्हतं. तालुक्याला एका खोलीत आम्ही चौघं. गावाकडनं एस.टी.नं भाकरीचा डबा यायचा. गाडी चुकली की त्या दिवशी पाण्यावर भागवायचं. नापास झालं की सवलत जाणार, ही टांगती तलवार डोक्यावर होतीच.

शिवाय मी कॉलेजात गेल्यावर रानातलं माझं काम कोण करणार? धाकट्यानं नववीत शाळा सोडली आणि औताला हात लावला. बहिणीला चौथीनंतर कुणी शाळेत धाडलंच नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात आण्णा आणि धाकटा खडी फोडायला जात होते आणि मी बी.ए.ची परीक्षा देत होतो. माझ्या पदवीचे पैसे दोघांनी भरले. एक सरकारनं, दुसरं माझ्या भावानं. सरकारचा वाटा कागदावर आहे. भावाचा कुठंच नाही.

पुढं १९८३ साली राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि हिशेबच बदलला. कॉलेजं वाढली, जागा वाढल्या, फीही वाढली. याच धाकट्याचा पोरगा इंजिनिअरिंगला लागला तेव्हा ओढ्याकडचं अर्धा एकर रान विकावं लागलं. ज्यानं माझ्यासाठी शाळा सोडली, त्यालाच पोरासाठी जमीन सोडावी लागली.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं नवा निर्णय घेतला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. बहिणीची नात त्याच वर्षी फार्मसीला लागली. बहीण म्हणाली, "फी न्हाय म्हणत्यात, पर ऱ्हायाचं-खायाचं कुनी भरायचं, दादा?" चौथी शिकलेल्या बाईनं सगळ्या योजनेचं मर्म एका वाक्यात सांगितलं.

सरकारनं गरिबाच्या पोराची फी भरावी का? भरावी, आणि वेळेवर भरावी. पण फी हा खर्चाचा एक तुकडा आहे. खोलीभाडं, जेवण आणि घरी कमी झालेले दोन हात हिशेबात धरले नाहीत, तर फी माफ होऊनही पोरगी गावातच राहील. मी बाहेर पडलो, कारण माझ्यामागं शाळा सोडणारा भाऊ होता. दर घरात एकानं शिकावं म्हणून दुसऱ्यानं थांबावं, ही रीत मोडायची असेल तर पुढचा फॉर्म फीच्या पलीकडचा निघायला हवा.