जी६पीडी जनुक

मानवी एक्स गुणसूत्रावरील एक प्रथिनसंकेतक जनुक. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज हे विकर (एंझाइम) घडवण्याची माहिती या जनुकात असते व विकराच्या आद्याक्षरांवरूनच जनुकाला नाव मिळाले आहे. या जनुकातील दोषांमुळे उद्भवणारी जी६पीडी-न्यूनता जगभरात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये आढळते.

स्थान व रचना : हे जनुक एक्स गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ, एक्सक्यू२८ या पट्ट्यात आहे. रंगदृष्टीची काही जनुके आणि रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाचे जनुक याच पट्ट्यात आहेत. जी६पीडी जनुकाची लांबी सुमारे १८ हजार बेसजोड्या असून त्यात १३ एक्सॉन आहेत. पहिल्या एक्सॉनमध्ये प्रथिनाचा संकेत नसतो. तयार होणाऱ्या प्रथिनसाखळीत ५१५ ॲमिनो अम्ले असतात. अशा दोन किंवा चार साखळ्या एकत्र आल्यावरच विकर कार्यक्षम होते. नेपल्स येथील संशोधकांनी १९८६ मध्ये या जनुकाच्या संकेताचा क्रम प्रसिद्ध केला.

कार्य : पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचा काही भाग पेंटोज फॉस्फेट मार्गाने जातो. या मार्गाची पहिली पायरी जी६पीडी विकर घडवून आणते आणि त्यातून एनएडीपीएच हा रेणू मिळतो. ऑक्सिडीकरणाचा मारा परतवणाऱ्या ग्लुटाथायोनला पुन्हा कार्यक्षम करण्याचे काम एनएडीपीएचवर अवलंबून असते. इतर पेशींना हा रेणू मिळवण्याचे पर्यायी मार्ग असतात. तांबड्या रक्तपेशीत ना केंद्रक असते ना तंतुकणिका, त्यामुळे तिची सारी भिस्त या एकाच मार्गावर असते. केंद्रक नसल्याने तिला नवे विकरही बनवता येत नाही, म्हणून पेशी जसजशी जुनी होते तसतसे तिचे संरक्षण घटत जाते.

आनुवंशिकता : पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असते. ते आईकडून येते, त्यामुळे त्यावरील जनुक सदोष असल्यास न्यूनता उघड होते. वडील आपले एक्स गुणसूत्र सर्व मुलींना देतात, मुलांना देत नाहीत. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, असे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. एक सदोष जनुक असलेल्या स्त्रियांच्या रक्तात निरोगी व न्यूनताग्रस्त अशा दोन प्रकारच्या तांबड्या पेशी एकत्र नांदतात, हे अर्नेस्ट बॉयटलर व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखवले. लायन यांच्या मांडणीला त्यामुळे बळकटी मिळाली. म्हणूनच अशा स्त्रियांमध्ये लक्षणांची तीव्रता व्यक्तिगणिक बदलते.

न्यूनता व तिची लक्षणे : प्रायमाक्विन या हिवतापावरील औषधाने काही रुग्णांच्या तांबड्या पेशी का फुटतात, याचा शोध घेताना १९५६ मध्ये ही न्यूनता उलगडली. न्यूनता असलेले बहुतेक लोक एरवी पूर्ण निरोगी असतात. प्रायमाक्विन, टॅफेनोक्विन, डॅप्सोन, रासब्युरिकेज यांसारखी औषधे, काही जंतुसंसर्ग किंवा बाकला ही शेंग यांमुळे मात्र त्यांच्या तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. एक ते तीन दिवसांत थकवा, फिकटपणा, कावीळ व गडद रंगाची लघवी ही लक्षणे दिसतात. आपल्याकडचे वाल वा पावटा म्हणजे बाकला नव्हे. त्या वेगळ्या वनस्पती आहेत. नवजात बाळात तीव्र कावीळ होण्याचा धोका असतो व वेळीच उपचार न झाल्यास मेंदूला इजा पोहोचू शकते. कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्याही अशा बाळांना घातक ठरतात.

हिवतापाशी संबंध : जिथे फाल्सिपेरम हिवतापाचा दीर्घकाळ प्रादुर्भाव होता, त्या आफ्रिका, भूमध्य सागरी प्रदेश व दक्षिण आशियात ही न्यूनता जास्त आढळते. सदोष जनुक तीव्र हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते, म्हणूनच नैसर्गिक निवडीत ते टिकून राहिले, असे मानले जाते.

भारतातील प्रकार : भारतात भूमध्यसागरी, केरळ-कल्याण व ओरिसा हे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. मुंबईच्या पारशी समाजातील न्यूनतेचा अभ्यास १९६० च्या दशकातच झाला होता. ‘कल्याण’ व ‘केरळ’ हे आधी वेगळे मानलेले प्रकार एकाच उत्परिवर्तनाचे असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. त्यात ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसिन येते. ओरिसा प्रकारात ४४ व्या स्थानी ॲलानिनच्या जागी ग्लायसिन असते.

निदान व काळजी : रक्तातील विकराची क्रियाशीलता मोजून निदान होते. पेशी फुटल्यानंतर लगेच केलेली तपासणी फसवी ठरू शकते, कारण तेव्हा रक्तात विकरसंपन्न तरुण पेशी अधिक असतात. म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. जनुकातील दोष दूर करणारा उपचार नेहमीच्या वापरात नाही, पण घातक पदार्थ टाळल्यास बहुतेकांचे आयुष्य सर्वसामान्यांसारखेच जाते. व्हायव्हॅक्स हिवताप समूळ घालवण्यासाठी प्रायमाक्विन देण्यापूर्वी ही तपासणी महत्त्वाची ठरते. घरात कोणाला ही न्यूनता असेल, तर प्रत्येक नवे औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.