मुद्दाम पाडलेली चेन

सायकलची चेन पडली की काय होतं, हे शाळेला सायकलवरून गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सायकल कडेला घ्यायची, पायडल फिरवत चेन पुन्हा दातांवर बसवायची आणि काळी झालेली बोटं मिळेल त्याला पुसायची. गिअरची सायकल घाट चढते ती नेमकी चेन पाडूनच. फरक एवढाच, की तिथे एक छोटं यंत्र चेन एका चक्रावरून मुद्दाम उतरवतं आणि शेजारच्या चक्रावर चढवतं. ‘डिरेलर’ हे त्याचं नाव फ्रेंच आहे. अर्थ, रुळावरून उतरवणारा.

या यंत्राचं माहेर विचारलंत, तर मी फ्रान्समधलं सेंत-एतियेन सांगेन. कोळशाच्या खाणी, बंदुकांचे आणि सायकलींचे कारखाने, आणि गावाबाहेर पडलं की समोर चढ. तिथे पॉल द विव्ही हा पूर्वाश्रमीचा रेशमाचा व्यापारी ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलस्वारांसाठी मासिक चालवत असे. गावाजवळची ११६१ मीटर उंचीची कॉल द ला रेप्युब्लिक ही खिंड त्याच्या पायाखालची. १८८९च्या उन्हाळ्यात याच चढावर त्याचा एक वाचक तोंडात पाइप धरून त्याच्या पुढे निघून गेला, असं सांगतात. चढाला एक गिअर हवा, सपाटीला दुसरा, हे व्हेलोसिओने मनावर घेतलं. त्याने पुढे दोन चक्रं बसवली. सुरुवातीला चेन बदलायला खाली उतरून हात घालावा लागे. चालत्या सायकलवर ती बदलावी, हा ध्यास मात्र तिथून सुटला नाही.

हिशेब साधा आहे. पुढे ४८ दात आणि मागे १६ असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक तीनदा फिरतं, सायकल सहा मीटरच्या वर जाते. दोन्हीकडे २४ असतील, तर चाक एकदाच फिरतं. अंतर कमी पडतं, पण पायावरचा भारही तेवढाच हलका होतो. डोंगर तोच राहतो; आपण तो लहान घासांनी खातो.

तरीही गिअरला विरोध झाला, आणि तो मोठ्या माणसाकडून. ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी होते. तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावं. १९१० साली त्यांनी शर्यत पिरेनीजच्या उंच घाटांत नेली, पण डिरेलर दिला नाही. मागच्या चाकाला दोन बाजूंना वेगवेगळी चक्रं असत. चढ आला की स्वार उतरे, नट सैल करी, चाक काढून उलटं बसवी. पावसात, बर्फात, बधिर बोटांनी. १९२७ साली इटलीतल्या एका बर्फाळ खिंडीत तूलियो कांपान्योलो या शर्यतपटूच्या गोठलेल्या बोटांना ते नट फिरवता आले नाहीत, आणि त्यातूनच चाक झटक्यात सोडणारी त्याची कळ जन्मली, अशी कथा आहे. देग्रांज यांचं शर्यतीवरचं प्रेम खरं होतं, पण या बाबतीत ते चुकले, असं मला ठामपणे वाटतं. खाली उतरून नटाशी झटणं म्हणजे शौर्य नव्हे.

१९३६ साली त्यांनी सूत्रं सोडली. १९३७ साली डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी रॉजे लापेबी तो लावून जिंकला. व्हेलोसिओने ते पाहिलं नाही. १९३० साली ट्रामच्या धडकेने तो गेला होता.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपाइसवरच्या मुलांनी जाड टायरच्या जुन्या सायकली मातीच्या उतारावर सोडल्या. उतरायला टायर पुरले, चढून जायला गिअर बसवावे लागले. माउंटन बाइक अशी घडली.

मग १९९३ साली जपानमध्ये यामाहाने पायडलवरचा जोर मोजून त्या प्रमाणात मोटरचा हातभार लावणारी सायकल विक्रीला आणली. पाय थांबले की मोटरही थांबते. आजच्या कित्येक ई-बाइक याच वंशातल्या, आणि त्यांच्याबद्दलही तेच ऐकू येतं: ही म्हाताऱ्यांसाठी, ही फसवणूक.

कात्रजच्या घाटात एखादे पासष्टीचे आजोबा ई-बाइकवरून तुमच्या पुढे निघाले, तर त्यांना वाट द्या, आणि वर पोचलात की त्यांच्याशी दोन शब्द बोला.